निळ्या रेनकोटातली आई

मीटरसाहेबांना धबधबा बघायचा नव्हता. उंचावरून पाणी पडताना बघणं हा त्यांच्या लेखी नोकरीचा भाग होता, आणि सुट्टीच्या दिवशी नोकरी करण्याइतके ते वेडे नव्हते. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात ते गळती विभागाचे प्रमुख होते. कुठे पाइप फुटून कारंजं उडालं की लोक टाळ्या वाजवत फोटो काढायचे आणि साहेब छत्री धरून त्या कारंज्याखाली पंचनामा करायचे. तेव्हा डोंगरावरून रात्रंदिवस पाणी वाया चाललंय, ते कुणी थांबवत नाही, आणि वर लोक तिकीट काढून ते बघायला जातात, याचा त्यांना मनातून थोडा रागच होता. 'मीटरसाहेब' हे नाव त्यांना इमारतीतल्या मुलांनी ठेवलं होतं. ते त्यावर चिडल्यासारखं करायचे, पण कुणी नुसतं 'साहेब' म्हटलं की त्यांना काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायचं.

पण सासूबाई राहायला आल्या होत्या.

सासूबाईंची मागण्याची पद्धत अशी, की त्यांनी काही मागितलं असं कुणालाही म्हणता येऊ नये. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांना सगळे पर्यटनकाका म्हणत. त्यांनी एका दुपारी सासूबाईंना आपल्या सहलींचे फोटो दाखवले. रात्री जेवताना सासूबाई पाण्याचा ग्लास हातात धरून म्हणाल्या, "वरचे कुठे कुठे जाऊन येतात. चांगलं आहे. ज्यांना जमतं त्यांनी जावं."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ताटाकडे बघितलं. विषय तिथेच संपला, म्हणजे जायचं ठरलं.

इथे एक सांगायला हवं. साहेबांचं आणि सासूबाईंचं अजिबात वाईट नव्हतं. वाईट व्हायला मुळात काही व्हावं लागतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि दोघांमध्ये "प्रवास कसा झाला?" "बरा झाला" याच्या पुढे बोलणं गेलेलं नव्हतं. त्या त्यांना 'जावईबापू' म्हणायच्या, ते त्यांना 'आई' म्हणायचे, आणि दोघंही एकमेकांना बघून थोडे ताठ बसायचे.

रजेचा अर्ज केला तिथूनच घोळ सुरू झाला. कारणाच्या रकान्यात साहेबांनी प्रामाणिकपणे 'धबधबा पाहणे' असं लिहिलं. अर्ज परत आला. पाण्याशी संबंध असल्यामुळे ही खाजगी सहल आहे की खात्याची पाहणी, याचा खुलासा करावा, असा शेरा होता. साहेबांनी खुलासा केला. त्यावर, धबधबा आपल्या हद्दीत येत नसेल तर पाहण्याचं कारण काय, अशी विचारणा झाली. शेवटी त्यांनी 'सासूबाई' एवढाच शब्द लिहिला आणि अर्ज तासाभरात मंजूर होऊन आला. वरिष्ठांनाही सासूबाई होत्या.

मग पर्यटनकाका खाली आले. त्यांनी सोफ्यावर बसून हवेतच नकाशा काढला. धबधबा झाला की गार गुहा, मग डुलता दगड, मग तळं, आणि शेवटी इको पॉइंट. "धबधब्याला काय, कुणीही जातं. खरी मजा आजूबाजूच्या पॉइंटांत आहे," ते म्हणाले. "आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता."

"मग काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"ते वेगळं," काका म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, धबधब्याचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका. काका म्हणाले, तोंड उघडं ठेवल्याशिवाय तिथे श्वास घेता येत नाही. या दोघांचं साहेबांच्या घरात बसून भांडण झालं आणि ते दोन दिवस टिकलं. साहेबांनी दोघांचंही ऐकल्यासारखं केलं आणि जास्तीचे टॉवेल घेतले.

डोंगर चढायला लागल्यावर धुकं लागलं. आधी दरी दिसेनाशी झाली, मग झाडं, मग पुढची गाडी, आणि शेवटी स्वतःच्या गाडीचं नाक. शेजारी बायको पाट्या वाचत होती. एका पाटीवर धबधबा डावीकडे होता, पुढच्याच पाटीवर मागे होता. काका खोटं बोलले नव्हते. मागच्या सीटवर कॉलेजात जाणारी लेक फोन खिडकीबाहेर धरून रेंज शोधत होती आणि तिच्या शेजारी सासूबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून, बघण्यासारखं काहीही नसलेल्या काचेतून अतिशय मन लावून बाहेर बघत होत्या.

"आई, कसं वाटतंय?" बायकोने विचारलं.

"छान आहे," सासूबाई म्हणाल्या. "सगळं पांढरं आहे."

धबधब्याच्या गेटपाशी एक रेनकोटवाला होता. त्याच्याकडे एकाच रंगाचे रेनकोट होते, निळे, आणि मापही एकच, सगळ्यांना मोठं. रेनकोट भाड्याने घ्यायचे, अनामत म्हणून ओळखपत्र ठेवायचं, आणि रेनकोट परत करायचे ते इथे नाही, शेवटी इको पॉइंटवर, त्याच्या मेव्हण्याच्या टपरीवर. "सगळे शेवटी तिथूनच घरी जातात," तो म्हणाला. "ओळखपत्रंही मी तिकडेच पाठवतो." साहेबांना ही व्यवस्था पटली नाही. आपलं ओळखपत्र आपल्याआधी प्रवासाला निघावं हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. पण सासूबाईंच्या खांद्यावर थेंब पडले आणि त्यांनी खात्याचं ओळखपत्र काढून दिलं.

गेटच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्याने माणसं मोजली, "चार आत," असं स्वतःशीच म्हटलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सासूबाईंच्या रेनकोटाची चेन वर जाऊन अडकली. टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट बांधल्यावर त्यांचं नाक आणि चष्मा तेवढा बाहेर राहिला. चष्म्यावर लगेच वाफ धरली. "हा तुमच्याकडे ठेवा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला असंही काही दिसत नाही, तसंही काही दिसत नाही." साहेबांनी चष्मा रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवला.

"आईचा हात धरा," बायको म्हणाली. "पायऱ्या निसरड्या आहेत."

साहेबांनी सासूबाईंचा हात धरला. वीस वर्षांत पहिल्यांदाच. कसा धरायचा हे आधी नीट कळेना. फार सैल धरला तर बेफिकिरी, फार घट्ट धरला तर उद्धटपणा. शेवटी खात्यात झडपेचं हँडल धरतात तसा त्यांनी तो धरला आणि दोघं उतरायला लागले.

खाली धबधबा होता, असं सगळ्यांचं मत होतं. आवाज एवढा की बोललेलं स्वतःलाही ऐकू येऊ नये. समोर पांढरी भिंत, आणि त्यात धुकं कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळायला मार्ग नाही. कठड्यापाशी निळ्या रेनकोटांची दाटी झाली होती. इतक्यात एका जोडप्याने साहेबांच्या हातात फोन दिला आणि खाणाखुणा करून फोटो काढायला सांगितलं. साहेबांनी सासूबाईंचा हात सोडला, फोटो काढला. फोटोत दोन निळे डाग आले. फोन परत देऊन त्यांनी डावीकडे हात लांब केला, हाताला हात लागला, तो त्यांनी पकडला आणि वर जायला निघाले.

वर जाताना त्यांना एकदम बोलावंसं वाटलं. ऐकू जाणार नाही ही खात्री असली की माणूस मोकळा होतो. ते पायऱ्या चढता चढता म्हणाले, "आई, तुम्ही येता तेव्हा मला बरं वाटतं. मला बोलता येत नाही एवढंच. माझं सगळं आयुष्य पाइपांशी बोलण्यात गेलं." रेनकोटाच्या आतून "हं" असा आवाज आला. साहेबांना भरून आलं.

बायको आणि लेक आधीच वर पोचून गाडीत बसल्या होत्या. गेटवर कारकुनाने आधी गेलेल्या दोघी धरून पुन्हा मोजलं. "चार बाहेर," तो म्हणाला. साहेबांनी हाताला धरून आईंना मागच्या सीटवर बसवलं, त्यांच्या गुडघ्यावर टॉवेल टाकला आणि गाडी गुहेच्या दिशेने, म्हणजे पाटीने सांगितलं होतं त्याच्या उलट दिशेने, काढली.

"आई, थंडी वाजतेय?" बायकोने पुढून विचारलं.

"हं."

"बिस्किट देऊ?"

"हं."

पुडा मागे गेला आणि रिकामा होऊन पुढे आला. बायकोला आश्चर्य वाटलं, कारण तिच्या आईला बिस्किटं आवडत नसत. "हवापालट," साहेब म्हणाले. त्यांना त्या दिवशी सगळ्याचाच आनंद होत होता.

गुहा खरोखरच गार होती आणि काळोखी होती. दारापाशी एक दिवा होता. त्याच्या उजेडात साहेबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि आदराने पुढे केला. "आई, चष्मा घ्या. आत खडक बघायचे आहेत."

"मी घातलाय की," आई म्हणाल्या.

साहेबांनी हातातल्या चष्म्याकडे बघितलं. मग समोरच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं. मग त्यांनी शांतपणे विचार केला की सासूबाई दोन चष्मे वापरत असतील. त्या आधारावर ते आणखी थोडा वेळ उभे राहू शकले असते, पण त्या बाईंनी टोपीची नाडी सोडली. आतून गोल चेहऱ्याच्या, गालावर तीळ असलेल्या, पूर्णपणे अनोळखी मावशी बाहेर आल्या.

लेक किंचाळली. तिने सगळा रस्ता त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून काढला होता.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, आणि ती हळू बोलली की साहेबांना जास्त भीती वाटायची. "माझी आई कुठे आहे?"

साहेबांनी हातातला चष्मा पुन्हा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. ते मावशींकडे वळले. "तुम्ही कोण?"

"मी माझ्या मुलाबरोबर आले होते," मावशी म्हणाल्या. "मला गाडीत बसल्या बसल्याच कळलं की ही आपली गाडी नाही. आमच्या गाडीत इतकं कुणी विचारत नाही, थंडी वाजतेय का, बिस्किट हवं का."

"मग बोलला का नाहीत?"

"गुहा बघायची होती," मावशी सरळ म्हणाल्या. "माझा मुलगा मला गाडीतच बसवून ठेवतो. आई, तुला चढ झेपायचा नाही. आई, तू काचेतून बघ. आज सूनबाई भांडली म्हणून धबधब्यापर्यंत तरी नेलं. पुढचे सगळे पॉइंट काचेतूनच होते. आणि तुम्ही तर मला त्या पायऱ्या ओढत वर आणलंत, एकदाही झेपेल का म्हणून विचारलं नाहीत."

ही तक्रार होती की कौतुक, ते साहेबांना कळेना. मावशी पुढे म्हणाल्या, "आणि बाबा, पाइपांचं बोललात ते मला सगळं ऐकू आलं. घरी बोला तसं."

"कसले पाइप?" बायकोने विचारलं.

"नंतर," साहेब म्हणाले.

"माझ्या आईचा हात तुम्हाला ओळखता येत नाही?"

"अगं, आज पहिल्यांदा धरला होता. पडताळून बघायला नमुना कुठून आणू?"

हे बोलायला नको होतं. बायको रडायला लागली आणि साहेबांच्या डोळ्यांपुढे ते दृश्य उभं राहिलं. त्या निसरड्या कठड्यापाशी, धुक्यात, चष्म्याशिवाय सासूबाई एकट्या उभ्या आहेत आणि कुणाजवळ काही मागत नाहीत. त्या कधीच कुणाजवळ काही मागायच्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहतील आणि कुणी विचारलंच तर म्हणतील, छान आहे, सगळं पांढरं आहे. साहेबांनी गाडी अशी फिरवली की मावशींनी "वा!" म्हटलं.

गेटवर कारकून शांत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "चार आत, चार बाहेर. तुमचं कुणी हरवलेलं नाही."

"पण चौथी बाई आमची नाही!"

कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढली. "मग कुणाची?"

"ते आम्हाला माहीत नाही."

"म्हणजे तुम्ही दुसऱ्याची बाई घेऊन गेलात?" त्याने पेन खाली ठेवलं. गळती विभागाच्या प्रमुखाकडे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अशा नजरेने बघितलं होतं.

"मी माझ्या पायांनी गेले," मावशी मागून म्हणाल्या. "गुहा छान आहे."

"हरवलेल्या व्यक्तीचं वर्णन?" कारकुनाने विचारलं.

"निळा रेनकोट," साहेब म्हणाले. त्या क्षणी खिडकीसमोरून निळ्या रेनकोटांची एक रांग खाली चालली होती आणि एक वर येत होती. कारकुनाने दोन्ही रांगा संपेपर्यंत बघितल्या.

"आणखी काही? चष्मा वगैरे?"

"चष्मा आहे. म्हणजे, माझ्याकडे आहे."

"चष्मा सापडला असेल तर त्याचा कागद वेगळा आहे. तुमचं ओळखपत्र?"

"रेनकोटवाल्याकडे."

"मग तक्रार कोण करतंय हेच सिद्ध होत नाही," कारकून म्हणाला. पण बायकोला रडताना बघून त्याचं मन द्रवलं असावं, कारण त्याने खाली पायऱ्यांवर एक माणूस बघायला पाठवला आणि भोंगा हातात घेतला. "निळा रेनकोट घातलेल्या आजींनी ताबडतोब गेटपाशी यावं. घरचे वाट बघत आहेत."

थोड्याच वेळात धुक्यातून आजी यायला लागल्या. एक आली, दोन आल्या, मग घोळकाच आला. सगळ्या निळ्या, सगळ्यांची नाकं तेवढी बाहेर. साहेब एकेकीच्या समोर जाऊन वाकून बघू लागले आणि मागे त्या आजींचे मुलगे, सुना, नातवंडं आपापली आजी अचानक का निघून गेली म्हणून हाका मारत गोळा झाले. एका आजींनी साहेबांना विचारलं, "तुम्ही घ्यायला आलात का? चला मग." त्यांच्या मुलाने त्यांना दंडाला धरून मागे नेलं. सासूबाई त्यांत नव्हत्या. खालचा माणूस वर आला. म्हणाला, खाली कुणी नाही. पाण्यात पडल्याचं वगैरे कुणी बघितलेलं नाही.

हे त्याने दिलासा म्हणून सांगितलं होतं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ओळखपत्र घेऊन या," कारकून आता हळुवारपणे म्हणाला. "म्हणजे मी वर पोलिसांना कळवतो."

फोनला रेंज नव्हती. सासूबाईंचा फोन बायकोच्या पर्समध्ये होता. मावशींचा त्यांच्या मुलाच्या गाडीत होता, आणि मुलाचा नंबर त्यांना पाठ नव्हता. एक आकडा दाबला की तो लागतो एवढंच ठाऊक होतं. तेव्हा इको पॉइंटला जाणं आलं. डुलता दगड आणि तळं वाटेत कुठेतरी गेलं असणार. मावशी प्रत्येक वळणावर विचारत होत्या, "हे काय होतं?" आणि साहेब दात आवळून म्हणत होते, "धुकं."

इको पॉइंट म्हणजे दरीच्या काठावर एक लोखंडी कठडा, आणि पलीकडे, म्हणतात, समोरचा कडा. टपरी रस्त्याच्या वळणापलीकडे होती. पण साहेब गाडीतून उतरले आणि टपरीकडे न जाता सरळ कठड्याकडे गेले. ते तिकडे का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि खात्यात पंचवीस वर्षं दाबून ठेवलेला आवाज सोडला.

"आईऽऽऽ!"

क्षणभराने दरीतून उत्तर आलं. "आईऽऽऽ!"

"कुठे आहाऽऽत?"

"कुठे आहेऽऽस?"

साहेब थबकले. त्यांनी पुन्हा हाक दिली, अगदी स्पष्ट उच्चारात. "आई, कुठे आहाऽऽत?"

"आई, कुठे आहेऽऽस?"

"बाबा," लेक म्हणाली, "हा प्रतिध्वनी एकेरीवर आलाय."

"दमट हवेमुळे असेल," साहेब म्हणाले. त्यांच्या डोक्यात त्या वेळी काहीही शिरलं असतं.

मावशी कठड्याला टेकून ऐकत होत्या. "प्रतिध्वनी कसला," त्या म्हणाल्या. "हा माझा मुलगा. लहानपणीही असाच ओरडायचा. जागचा न हलता."

साहेबांनी कठडा धरून हाक मारली, "आमची आई तुमच्याकडे आहे काऽऽ?"

त्याच वेळी धुक्यातून आलं, "आमची आई तुमच्याकडे आहे काऽऽ?"

मग दोन्हीकडे शांतता. समोरचा माणूसही आता हा आपलाच आवाज परत आला असं समजून गप्प झाला असणार. साहेबांनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच आणि त्याच वेळी परत आलं. दोन आयांचे दोन मुलगे दरीच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांना डोंगर समजत होते. बायको म्हणाली, "अहो, असं काहीतरी बोला जे डोंगर बोलणार नाही!"

साहेबांनी छाती भरून घेतली. संकटात माणसाला आपलं जे सगळ्यात पक्कं असतं तेच आठवतं.

"मी पाणीपुरवठा खात्यातला आहेऽऽऽ!"

या वेळी तेच शब्द परत आले नाहीत. मग आश्चर्याने भरलेला आवाज आला.

"मी नाहीऽऽऽ!"

"मग तुम्ही कोऽऽण?"

"ड्रायव्हिंग स्कूऽऽल!"

"टपरीवर याऽऽ!" बायको किंचाळली. तो आवाज दरीत तीनदा फिरला, खऱ्या प्रतिध्वनीसारखा.

टपरीपाशी एक भलीमोठी गाडी येऊन थांबली. आतून एक तेवढाच भलामोठा माणूस उतरला, त्याच्या मागे त्याची बायको, आणि त्यांच्या मागे निळा रेनकोट घातलेल्या, चाचपडत पायरी शोधणाऱ्या सासूबाई. साहेबांचा जीव भांड्यात पडला. बायको आईच्या गळ्यात पडली, लेक दोघींच्या गळ्यात पडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चेन अडकलीय, हळू."

मग सगळे एकदम बोलायला लागले. ड्रायव्हिंग स्कूलवाला सांगत होता की कठड्यापाशी त्याने आईचा हात धरला, म्हणजे धरला असं त्याला वाटलं. गाडीत आई एक शब्द बोलेना. त्याला वाटलं, आई रागावली. त्याने बायकोला खूण केली, तोंड उघडू नकोस, पॉइंट संपले की आपोआप उतरेल राग. म्हणून सगळी गाडी चिडीचूप.

"मला वाटलं," सासूबाई म्हणाल्या, "ह्या दोघांचं आपसात भांडण झालंय. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला बोला? म्हणून मी गप्प बसले. गाडी मोठी लागली, पण म्हटलं, जावईबापूंनी वाटेत बदलून घेतली असेल. सांगत नाहीत ते काही."

"मग कळलं कसं?"

"त्यांनी मला 'जावईबापू, काच वर करा' असं म्हटलं," तो माणूस अजूनही हादरलेला होता. "मी ब्रेक मारला. माझ्या आईला मुलगीच नाही, जावई कुठून येणार?"

मावशी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी गुहा बघितली," त्या म्हणाल्या. "आत वाकून जावं लागतं. मी वाकले."

त्याने आईच्या गुडघ्यांकडे बघितलं. त्याची बायको दुसरीकडे तोंड फिरवून हसत होती.

मेव्हण्याने ओळखपत्र परत दिलं. साहेबांनी त्यावरचा आपला फोटो बघितला. तो आपलाच आहे याची त्यांनी खात्री करून घेतली. मग त्यांनी रुमालातून चष्मा काढला. सासूबाईंचे हात थंडीने आखडले होते, म्हणून त्यांनी तो स्वतःच त्यांच्या नाकावर बसवला. सासूबाईंनी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघितलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "धबधबा कसा होता हो?"

"आई, तू होतीस ना तिथे!" बायको म्हणाली.

"होते की. आवाज छान होता." त्या एवढंच म्हणाल्या. काही मागितलं नाही.

साहेबांनी मेव्हण्याला सांगितलं, "रेनकोट अजून थोडा वेळ राहू देत." आणि बायकोने काही विचारायच्या आत ते गाडीत बसले. मोठी गाडी मागोमाग आली, कारण मावशींनी आपल्या मुलाला सांगितलं होतं की ती आली नाही तर त्या पाणीपुरवठा खात्याच्या गाडीतून जातील.

गेटवर कारकुनाने सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या आणि एकेकाचा चेहरा बघून आत सोडलं. खाली उतरताना कुणीच कुणाला सोडलं नाही. मावशींचा मुलगा आईचा हात धरून, "आई, झेपतंय का?" असं विचारत होता आणि मावशी त्याला ओढत होत्या. साहेबांनी सासूबाईंचा हात दोन्ही हातांनी धरला होता. आता कसा धरायचा हा प्रश्न राहिला नव्हता.

कठड्यापाशी ते पोचले आणि त्याच वेळी वारा फिरला. धुकं वरून फाटत फाटत खाली आलं. "आई गं!" लेक म्हणाली. बायको म्हणाली, "अहो, बघा!" कठड्यावरचे सगळे लोक एकदम ओरडले, मग एकदम गप्प झाले. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने फोन काढला आणि फोटो घ्यायचाच विसरला. सासूबाई मान वर करून बघत राहिल्या, तोंड उघडं ठेवून, चष्म्यावर तुषार उडत असताना.

"जावईबापू," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "जरा हात सोडता का? चष्मा पुसायचाय."

"आधी दुसरा हात द्या," साहेब म्हणाले, "मग हा सोडतो."

त्यांनी दुसरा हात दिला. साहेबांनी तो पकडला, नीट बघितला, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळ, भुवया, चष्म्याची दांडी, हनुवटीखालची नाडी. तोपर्यंत धुकं परत मिटलं होतं आणि समोर पुन्हा पांढरी भिंत झाली होती.

बायको डोळे पुसत त्यांच्याजवळ आली. "दिसला ना नीट?"

साहेबांनी सासूबाईंच्या चेहऱ्यावरून नजर न काढता मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "त्याच आहेत."